विहीणबाईंना पाठवलेला भुसा

“हॅलो?… हॅलो, कोण?… थांबा हं, काही ऐकू येत नाहीये… अहो, ते यंत्र बंद करा जरा. फोन आलाय.”

मादम्पे गावच्या त्या काथ्याच्या गिरणीत नारळाची सोडणं कुटणारं यंत्र धडधडत थांबलं. अंगणात भुसा चाळणाऱ्या बायांनी माना वर केल्या. सोमलताने हाताचा भुसा झटकला आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हां, बोला आता… अय्या, विहीणबाई तुम्ही? नवा नंबर होय… मजेत, मजेत. तिवंक बरा आहे ना?… इथेही तीच धांदल. नदीशानीची साडी झाली, फराळाचे कोकीस तळायला बाई सांगितली. पोरुवा सजवायची तेवढी चिंता नाही, तुमची अँथुरियम असताना… काय?… जळली म्हणजे?”

विहीणबाई चित्रांगनीबाईंच्या अँथुरियमचं त्यांच्या मावनेल्ला गावात नाव होतं. मुलाच्या, तिवंकच्या, लग्नाचा पोरुवा, म्हणजे वधूवरांना उभं करायचा तो मंच, घरच्याच लाल फुलांनी सजवायचा, असं त्यांनी साखरपुड्यातच सांगून टाकलं होतं. मग एप्रिलात, नव्या वर्षाला, लेक नदीशानी होणाऱ्या सासरी राहायला निघाली, तेव्हा सोमलताने मिरवायला म्हणून कुंड्यांसाठी गिरणीतल्या काथ्याच्या भुशाची पोती गाडीत घालून दिली. पोरीने हौसेने सगळी रोपं आपल्या हातांनी त्या भुशात लावली होती.

“पानांच्या कडा करपल्यात? टोकापासून आत?… पिवळी नाहीत, तपकिरी… बरं. आणि मुळं?… हं… अहो, पाणी जास्त झालं असेल. काथ्याचा भुसा वरून कोरडा दिसतो, पण पोटात ओला असतो. नवख्या माणसाला कळत नाही ते… छे, तुम्हाला नवखं कसं म्हणेन मी?”

पान टोकापासून तपकिरी होत आत करपत आलं की त्याचा अर्थ काय, हे त्या अंगणातल्या कुठल्याही बाईने झोपेतसुद्धा सांगितलं असतं. सोमलताला तर ते पहिल्याच शब्दाला कळलं होतं. तरी ती बोलत राहिली.

“हो, मीच म्हटलं होतं… विहिरीच्या गोड्या पाण्याने धुतलाय, कॅल्शियमच्या पाण्यात भिजवून खार काढलाय, डोळे मिटून कुंड्या भरा… हो, अगदी असंच म्हटलं होतं… तुमच्या घरातल्या मोठ्या आत्या? त्यांचं काय?… कुणाचा हात वाईट?… विहीणबाई, हे काय बोलणं झालं? पोरीने हात लावला म्हणून झाडं जळली?… सगळ्या आळीत सांगितलं?… पुन्हा पत्रिका? अहो, त्या जुळल्यात ना… आणि तारीख?… पुढे म्हणजे किती पुढे?… तुमच्या मनात नाही, कळतंय मला. वडीलधारं माणूस आहे घरात, तुम्ही तरी काय करणार.”

अंगणातल्या चाळण्या हळूच थांबल्या. सोमलताने बायांकडे पाठ फिरवली.

“नदीशानीने फोन केला होता तुम्हाला?… कधी?… ‘पाणी मीच जास्त घातलं’?… असं म्हणाली ती?… आणि माफी मागितली?… नाही, मला बोलली नाही.”

ती काथ्याच्या गठ्ठ्यावर बसली. पोर कोलंबोला नोकरीला होती, रोज संध्याकाळी आईला फोन करायची. जेवलीस का, ब्लाउज कसा शिवू, सगळं विचारायची. हे एवढं बोलली नव्हती.

“विहीणबाई, एक करा. त्या पोत्यांत थोडा भुसा उरलाय का?… कुंडीतला नको, त्यात खत असतं. पोत्यातलाच हवा. ओंजळभर घ्या, पिण्याच्या पाण्यात कालवा आणि थोडा वेळ राहू द्या… थांबते ना मी. फोन ठेवू नका.”

गिरणीत दोन ढीग होते. दोरखंडासाठीची सोडणं खाडीच्या पाण्यात महिनोन्महिने मुरवत, त्यांचा भुसा मागच्या कुंपणाशी पडलेला असे. विहिरीजवळचा ढीग रोपांसाठीचा होता. तो धुतलेला, निथळलेला, वास घेतला तर पावसाळी जंगलासारखा. गाडी निघाली त्या सकाळी गाडीवाल्या पियसेनने विचारलंही होतं, कुठला भरू म्हणून. आणि सोमलता म्हणाली होती, मागचा भर.

“हां, आहे मी… आता मुठीत घ्या आणि घट्ट पिळा. थेंब जिभेच्या टोकाला लावा आणि थुंकून टाका… काही होत नाही हो, आम्ही रोज चाखतो… … कसं लागलं?… … हो… म्हणजे खारटच.”

सोमलताने पुढचं बोलणं विहीणबाईंवर सोडलं नाही.

“अहो, गाडीवाल्याने चुकीची पोती टाकली असणार. मागच्या ढिगाची. खाडीतला माल तो, त्याला काय कळतंय… पियसेन त्याचं नाव… नाही हो, कामावरून नाही काढणार. पण बोलते त्याला चांगली.”

पियसेन गाडीच्या सावलीत चहा पीत बसला होता. आपलं नाव ऐकून त्याने वर पाहिलं. कप तेवढा खाली ठेवला.

“काय म्हणालात?… रोपं लावली त्या दिवशीच?… नदीशानीने भुसा जिभेला लावला?… आणि लगेच नळावर जाऊन चूळ भरली… तुम्ही विचारलंत, तरी… ‘अम्मा धुतलाय म्हणाली, म्हणजे धुतलाच असेल’… हं… ऐकतेय… ऐकतेय हो.”

गिरणीतच वाढलेली पोर ती. चाखल्यावर तिला न कळायला काय झालं? आईचं नाव राखायला तिने जाणूनबुजून खाऱ्या भुशात मुळं घातली, आणि झाडं जळल्यावर दोषही आपल्या अंगावर घेतला.

“विहीणबाई, ऐका. पियसेनने काही केलं नाही. पोती मीच भरायला सांगितली. कुठला ढीग आहे हे ठाऊक असून सांगितली… नाही, चुकून नाही. धुतलेला भुसा व्यापाऱ्याला दाखवायला ठेवला होता, त्याचा ढीग मोडवेना मला… काय तोंडाने सांगू तुम्हाला. पोरीचा हात वाईट नाही हो. तो वाईट म्हणू नका… रोपं टाकली नाहीत ना अजून? टाकू नका. कुंडीतून काढा, गोड्या पाण्यात मुळं हलक्या हाताने धुवा, काळी झालेली कापा, सावलीत ठेवा. गड्डा टणक असेल तेवढी वाचतील. फुलं मात्र लग्नापर्यंत येतील असं नाही सांगवत… तुम्ही रागवा तरी. हवं ते बोला… आत्याबाईंना तुम्ही सांगाल ना?… मी?… आत्ता?… पण त्यांना ऐकू… बरं. द्या त्यांना.”

सोमलता उठून गिरणीच्या मागे जायला निघाली, पण तिथे आवाज तुटायचा. ती पुन्हा अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली.

“नमस्कार आत्याबाई. मी सोमलता… सोमलता, नदीशानीची आई… हो, मोठ्याने बोलते. भुसा खारट होता… खारीक नाही, खारट. मीठ. भुशात मीठ होतं, त्याने झाडं जळली… पोरीने नाही घातलं मीठ, आत्याबाई. भुसाच तसला होता. मी पाठवला… मी. मीच.”

तिला तिसऱ्यांदा ओरडावं लागलं. तिचा नवरा बंद यंत्राच्या दांड्यावर हात ठेवून जमिनीकडे बघत होता. बायांतली एकही हसली नाही. हसली असती तर सोमलताला बरं वाटलं असतं.

“हो, ठाऊक होतं… ठाऊक असून पाठवला… का म्हणजे?… … चांगला विकायला ठेवला… म्हटलं, घरचीच तर माणसं… म्हटलं, त्यांना काय कळतंय… हो आत्याबाई, असंच म्हटलं मी… नाही, दुसऱ्यांदा नका वदवून घेऊ.”

कुणीतरी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. पियसेन होता. तिने तो घेतला, पण पाणी प्यायला तिला धीर होईना.

“तारीख?… तीच? नक्की?… देव तुमचं भलं… बरं, नाही बोलत. ऐकते… आळीत तुम्ही जिथे जिथे सांगितलंत, तिथे तिथे मी येऊन सांगू?… प्रत्येक घरी?… येते. उद्याच येते, धुतलेला भुसा घेऊन… स्वतः चाखून आणते… नदीशानीला नाही आणत, तिने पुष्कळ सोसलं… चहा वगैरे काही नको, पाहुणी म्हणून नाही येत… हो, मीच म्हटलं ना, घरचीच माणसं… आणि घरच्यांना पुढचं दार कशाला… बरं आत्याबाई. मागच्या दाराने येते… हॅलो?… आत्याबाई?”