चौदा नंबरची पोच

(खाणीच्या तोंडाशी असलेली नियंत्रणखोली. पडद्यासमोर वहिनी, दुरुस्तीच्या टेबलाशी तिचा धाकटा दीर.)

वहिनी: अडीच वाजले. चौदा नंबरचा निरोप आला. छत स्थिर.

भावजी: कुणाचा आला?

वहिनी: चौदाचा. बोगद्यात छतावर नजर ठेवणारा डबा.

भावजी: चेष्टा पुरे. चौदा इथं माझ्यासमोर उघडा पडलाय. सकाळीच काढून आणला. बॅटरीसुद्धा नाही त्यात.

वहिनी: मग हे कोण पाठवतंय?

भावजी: निरोप कुठल्या वाटेनं वर आला ते बघा.

वहिनी: एरवी हा डबा त्याला सांगतो, तो पुढच्याला, असं करत निरोप वर येतो. आज सगळे निरोप या खोट्या चौदातूनच येतायत. तो म्हणतोय, माझ्याकडून जवळ पडेल. आणि बाकीचे शहाणे डबे ऐकतायत.

भावजी: परक्याचं कसं ऐकतील? परवलीचा शब्द लागतो.

वहिनी: सगळ्यांना एकच शब्द दिलाय आपण. बदली डबा लावताना खोळंबा नको म्हणून.

भावजी: आणि गेल्या महिन्यात एक डबा हरवला.

वहिनी: उंदरांनी नेला म्हणून हसलात तुम्ही.

भावजी: तुम्हीही हसलात, वहिनी. पण हे कुणी कशाला करेल?

वहिनी: छत हललं की काम बंद. ते कुणाला नको होतं?

भावजी: दादा कुठाय?

वहिनी: चौदाच्याच जागेखाली, अख्खी पाळी घेऊन. जेवायलाही वर आले नाहीत. म्हणाले, तुझ्या पडद्यावर हिरवं आहे ना, मग कशाला जीव खातेस?

भावजी: तो डबा वगळा. बाकीच्यांना लांबच्या वाटेनं बोलवा.

वहिनी: बोलावतेय. एकच सुटला, नऊ नंबर. बाकीचे त्या खोट्या चौदालाच चिकटून बसलेत.

भावजी: नऊ काय म्हणतो?

वहिनी: छत खाली येतंय. सकाळपासून.

भावजी: भोंगा दाबा!

वहिनी: दाबला. पण तोही याच डब्यांतून खाली जातो.

भावजी: मी लिफ्टकडे पळतो.

वहिनी: थांबा, पोच आली. सगळ्या डब्यांवर भोंगा वाजला म्हणे.

भावजी: हुश्श. सुटलो एकदाचे.

वहिनी: भावजी, चौदावरही वाजला म्हणे.