खुर्ची कुठं ठेवायची

नाही नाही, तुम्ही मांडा तुमचे दिवे, मी मध्येमध्ये येत नाही — मुद्दामच लवकर आलेय, ती दोघं यायच्या आत. मी मुलाची आई. लग्नाआधी असे फोटो काढायचे हे आमच्या डोक्यातही नव्हतं हो ताई, सुनेचा — म्हणजे होणाऱ्या सुनेचा — हट्ट. म्हणाली, आई, लग्नाच्या दिवशी माणसांची ही गर्दी, त्यात फोटो काढणारं माणूस अनोळखी, मग सगळे खांबासारखे उभे राहतात. आधी एकदा काढले की त्यांनाही कळतं कोण कसं हसतं, आणि आपल्यालाही सवय होते. बरोबरच आहे तिचं. कोण कसं हसतं ते आधी कळलेलं बरं.

फक्त एक विनंती होती. ही खुर्ची मी तिच्या मागं ठेवू का — त्या पडद्याच्या कडेला? फोटोत येणार नाही, वाकून बसेन. गुडघे दुखतात, पण बसेन. — का म्हणजे, सहजच. — नको, कॅमेऱ्याजवळ नको. मागच्या वेळी तिथंच बसले होते.

झालं, बोलून गेले. आता तुमच्यापाशीच ठेवा. याआधी एकदा जमलं होतं त्याचं. चांगली होती मुलगी. तेव्हाही असेच फोटो, दुसऱ्या स्टुडिओत, मी हौसेनं कॅमेऱ्याशेजारी बसलेली. फोटो आले, सगळे बघत बसलो, आणि ती हळूच म्हणाली, हा एकाही फोटोत माझ्याकडे बघत नाहीये. हात तिच्या खांद्यावर, नजर भलतीकडेच — आणि हसतोय मात्र छान. तिच्या घरच्यांना वाटलं, याचं दुसरीकडे कुठं आहे. कसलं दुसरीकडे? तो कुणाकडे बघतोय ते मला लगेच कळलं. मी बोलले नाही. चार दिवसांत नकार आला. या सुनेला ते मोडलं एवढंच माहीत आहे — का मोडलं, ते नाही.

थांबा हं, त्याचाच फोन. — हां बाळा, पोचलात खाली? निळा घाल. बाह्या दुमडू नकोस. — तिनं पांढरा म्हटलंय? — बघ मग. निळाच बरा दिसतो तुला. — दोन्ही शर्ट घेऊन आलाय, गाडीतच बदलतोय. काय सांगत होते मी?

हां. लहानपणी शाळेत स्टेजवर गेला की कविता विसरायचा. वडील नाहीत, मी एकटीच. मी म्हटलं, बाकी कुणाकडे बघूच नकोस, माझ्याकडे बघ. मी मान हलवायची, तो हसायचा, मग घडाघडा म्हणायचा. तीच सवय हो, दुसरं काही नाही. आता एवढा घोडा झालाय, पण नुसतं ‘तिच्याकडे बघ’ म्हणून काय होतंय — बघेल, हसणार नाही. आणि न हसता बघितलं, तर ती पोर काय समजेल? म्हणून म्हटलं, मीच तिच्या मागं बसते. मी हसेन, तो हसेल, फोटोत दिसेल तिच्याकडे बघूनच हसतोय. साप मरावा आणि काठीही मोडू नये.

काय म्हणालात? — लग्नानंतर खुर्ची कुठं ठेवणार?

नाही, चुकीचं नाही बोललात. तो दिवा जरा बाजूला घ्याल? डोळ्यांवर येतोय.

जिन्यावर तीच दोघं. तिचं हसणं ओळखू येतं. — आणि हा बघा, परत फोन. विचारायचं असेल, आई पोचलीस का. — वाजू दे. नाही, उचलत नाही. मागचं दार आहे ना तुमच्याकडे? आत आला की पहिलं विचारेल, आई कुठंय. तुम्ही काही सांगू नका, नुसत्या थांबा. गांगरेल, इकडंतिकडं शोधेल, आणि शोधून शोधून शेवटी तिच्याकडे बघेल — दुसरं आहेच कोण. तेव्हा काढा. हसला नाही तरी काढा.

ती खुर्ची उचला तेवढी. निघते मी. आणि पांढरा घालून आला असेल तर — नको, मला कळवू नका.