बाकड्याचा एक आणा

आमच्या कारभारणीला धंदा शिकवायला गेलो राव, आणि डोक्याला ताप करून घेतला. पिंपरीत ती औषधाची कंपनी निघाली, तिच्या गेटासमोरच आमचं शेत. दुपारी कामगार यायचे अन् ही सगळ्यांना ताक पाजायची. पण रोज फुकट प्यायची त्यांनाच लाज वाटायला लागली. चालले समोर चहावाल्याकडं, पैसे मोजून!

मी म्हणलं, "अगं, पेल्याला एक आणा घे की!"

"घरचं ताक इकू? लोक शेण घालतील माझ्या तोंडात!"

दूध इकती, तूप इकती, पण ताक न्हाई! शेवटी वैतागून मी लिंबाखाली एक बाकडं टाकलं. म्हणलं, "ताक फुकटच दे बाई. आणा बाकड्यावर बसायचा घे."

हे मात्र लगेच पटलं. कामगारबी परत आले, बाकडं रिकामं म्हणून राहीना.

परवा उन्हातनं आलो, बाकड्यावर टेकलो अन् ताक मागितलं. हिनं आधी हात पुढं केला. "एक आणा."

"अगं, नवरा हाय मी तुझा!"

"मग ताकाचं कोण मागतंय? उभ्यानं प्या."