दोन डब्यांमधलं अंतर

बुधवार, दहा मे दोन हजार सहा. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. स्थळ, महाडच्या एसटी स्टँडजवळचं सायबर कॅफे. माझा डबा तिसऱ्यांदा नामंजूर झाला.

कसला डबा म्हणता? प्लास्टिकचा, झाकणाचा, घरात शेवया ठेवतात तसला. तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं बातमीदारी केली, सभापतींनी झापलं, ठेकेदारांनी दम दिला, पण असा अपमान कोणी केला नव्हता. कारण काय, तर माझा डबा दुसऱ्या कोणाच्या तरी डब्याच्या फार जवळ आहे. दोन डब्यांत अंतर हवं एकशे एकसष्ट मीटर. आता एकशे साठ का नाही, हे कोणाला विचारायचं?

थांबा, मुळापासून सांगतो. आमचा पुतण्या नीलेश, पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे. त्याचा हा खेळ. रानात डबा लपवायचा, आत वही ठेवायची, जागेचे आकडे इंटरनेटवर टाकायचे. मग लोक हातात जीपीएसचं यंत्र घेऊन शोधत येतात, वहीत सही करतात आणि घरी जातात. बक्षीस? काही नाही. टप्प्यांचा खेळ असेल तर पहिल्या डब्यात दुसऱ्याचे आकडे, दुसऱ्यात तिसऱ्याचे. मी म्हटलं, शिकलेली माणसं पेट्रोल जाळून सही करायला येतात? तर म्हणाला, "काका, आकडा जिथे नेईल तिथे जातात. फोटो काढतात, जगभर टाकतात."

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. पोलादपूरच्या वर आंबेनळीच्या अंगाला कोंडाची वाडी आहे. वाडीच्या खाली ओढा, ओढ्यापलीकडे शाळा. मधे साकव, म्हणजे लहानसा पूल. पण तो कागदावर, जागेवर चार दगड. पावसाळ्यात दगड बुडतात आणि चौदा पोरांची शाळा दिवाळीपर्यंत बंद. अकरा बातम्या लिहिल्या मी. अकरा. त्या बातम्यांत भजी बांधलेली मी स्वतः खाल्ली आहेत. म्हटलं, तिसरा टप्पा ठेवू थेट त्या साकवाच्या जागी, येऊ देत लोक, काढू देत फोटो.

तर म्हणे, एकशे एकसष्ट मीटर.

हे मंजूर-नामंजूर करणारा एक तपासनीस असतो. कुठे बसतो देव जाणे, स्वतःचं नाव सांगत नाही, खाली सही करतो 'रानमांजर'. मी विचारलं, साहेब, तो दुसरा डबा आहे तरी कुठे, म्हणजे मी लांब जातो. रानमांजर म्हणतो, सांगता येणार नाही, तो दुसऱ्याच्या खेळाचा मधला टप्पा आहे, गुप्त असतो. ऐकलंत? बातमीदाराला म्हणतो गुप्त! म्हणजे कशापासून लांब जायचं ते कळू द्यायचं नाही, पण लांब जायचं. डबा साठ मीटर वर नेला... नामंजूर. आणखी साठ... नामंजूर. नीलेश यंत्र घेऊन करवंदीतून चालतोय, मागे मी, माझ्यामागे नाथू, ज्याचा तिथे म्हशींचा गोठा आहे. नाथू म्हणाला, "किती लांब पायजे?" मी म्हटलं, एकशे एकसष्ट मीटर. म्हणाला, "म्हंजे एक हाक. मंग माझ्या गोठ्यात ठेवा. पर तिथनं व्हळ नाय दिसायचा." ओढा दिसत नसेल तर डबा घालू कुठे, म्हशीच्या गव्हाणीत?

नाथूच्या आईकडे, भागूबाईकडे, आम्ही चहाला टेकलो. आणि फळीवर बघतो तर काय, माझे दोन डबे. पहिला टप्पा आणि दुसरा टप्पा, शेजारी शेजारी, पुसून ठेवलेले.

"भागूबाई, हे इथे कसे?"

"उन्हात पडलं हुतं आंब्याखाली. पाव्हनं येनार म्हनालास ना? त्यांनी रानात कशाला हिंडायचं रे? हितं बसतील, चाय घेतील, हितंच सह्या करतील. काय चुकला माझा?"

काय चुकलं सांगू? आणि त्या दोन डब्यांपलीकडे तिसरा. हिरवा. माझा नव्हे.

"तो गेल्या सालचा. व्हळाकडंच्या देवळीत भिजत हुता. मी मिश्री ठेवते त्याच्यात."

नीलेशने झाकण उघडलं. मिश्रीखाली वही, वहीत मुंबईच्या कोणा गृहस्थाचं नाव. म्हणजे बघा, आठ दिवस मी ज्या डब्यापासून एकशे एकसष्ट मीटर लांब पळत होतो, तो डबा तिथे नव्हताच. नोंद होती. आणि नोंद आहे म्हणून नवीन ठेवायचा नाही.

चहा हातातच राहिला. कारण हे वाक्य मी वाचलं होतं. दोन हजार तीन साली, वाडीच्या अर्जावर आलेलं सरकारी उत्तर माझ्या फायलीत आहे: 'सदर ठिकाणी साकव अस्तित्वात असल्याने नवीन साकवाचा प्रस्ताव विचारात घेता येत नाही.'

मी दोन पत्रं लिहिली. मजकूर एकच: वस्तू जागेवर नाही, नोंद रद्द करावी. एक रानमांजराला, एक ते उत्तर पाठवणाऱ्या सरकारी कार्यालयाला.

रानमांजराचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं, डब्याच्या मालकाला विचारतो म्हणून. चार दिवसांत मुंबईकराला विचारलं, त्याने माफी मागितली, नोंद काढली, माझा डबा मंजूर. कार्यालयात मी स्वतः गेलो. तिथले कारकून सज्जन आहेत, खुर्ची दिली. म्हणाले, "पण साहेब, नसलेली वस्तू रद्द कशी करणार? रद्द करायला ती असावी लागते." मी म्हटलं, मग आहे असं लिहिलं कोणी? त्यांनी दाखला काढला. एकतीस मार्च अठ्ठ्याण्णव, काम पूर्ण, खाली सही. सहीखाली नाव नाही. रानमांजरसुद्धा नाही.

अठ्ठावीस मेला पहिलं जोडपं आलं, पुण्याचं. चहा घेतला, भागूबाईने रस्ता दाखवला, ओढ्यापर्यंत गेले. त्यांनी वहीत लिहिलं: 'डबा सापडला. साकव सापडला नाही.' फोटो इंटरनेटवर आहेत. परदेशातून कोणीतरी विचारलंय, पूल कुठे आहे? मी काय उत्तर देऊ?

आज तेवीस जून. दगड बुडाले. डबा भागूबाईच्या फळीवर आहे, पोरं घरी आहेत. आणि दाखल्यावरची ती सही कोणाची, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.