गुठळी

(इस्पितळाच्या आवारातली प्रयोगशाळा, भर दुपार. अक्का इथं औषधाचे कण बनवते. तिचा धाकटा भाऊ वेल्डर आहे. त्याच्या हातात लोखंडी गज आहे. दाराची काच फुटली आहे आणि अक्काचे सर, प्रयोगशाळेचे प्रमुख, जमिनीवर पडले आहेत.)

धाकटा : मेला नाही तो. एकच बसली डोक्यात, तीही तिरपी.

अक्का : तिरपी? बोटाला हाड लागतंय माझ्या! तो टॉवेल फेक इकडे.

धाकटा : आधी फ्रिजची किल्ली.

अक्का : टॉवेल म्हणतेय ना!

धाकटा : घे. आणि ओरडू नकोस. दाराला टेबल लावलंय मी, कुणी आत येत नाही.

अक्का : सर, डोळे उघडे ठेवा. इकडे बघा, माझ्याकडे. काय घोडं मारलं होतं रे यांनी तुझं?

धाकटा : पाया पडलो मी त्याच्या. बूट धरले. म्हटलं, माझी बायको, चिमणी, गाठीनं वरच्या वॉर्डात मरतेय, मोठ्या डॉक्टरांनी सकाळी हात वर केले, तुमची एक बाटली द्या. तर पाय झटकून म्हणतो, "वॉचमनला बोलवा."

अक्का : पाया पडायला येणारा माणूस गज घेऊन येतो का?

धाकटा : पाया पडून भागलं नाही तर काय करायचं, हे मला ठाऊक होतं. किल्ली दे.

अक्का : त्या बाटलीत काय आहे, माहीत आहे तुला?

धाकटा : मला? अगं, जेवायला बसलं की तू दुसरं बोललीस काय इतकी वर्षं? लोखंडाची बुकणी, वर पिठाचं कवच, कवचाला औषध. शिरेत सोडायचं, बाहेरून गाठीवर लोहचुंबक धरायचं, की औषध नाकासमोर चालत गाठीवर जातं. काम झालं की कवच विरघळतं, लोखंड रक्तात मुरतं, मागे कचरासुद्धा नाही. सशाची गाठ गेली त्या दिवशी चिमणीला उचलून नाचली होतीस तू!

अक्का : आणि त्याच्यानंतरचे ससे मेले, तेही सांगितलं होतं. तेव्हा तू ताटावरून उठून हात धुवायला गेलास.

धाकटा : थापा मारू नकोस.

अक्का : तासाभरात गेले. तोंडाला फेस येऊन, पाय झाडत.

धाकटा : ते ससे होते. माझी बायको ससा नाही. सरक तिथून.

अक्का : नाही सरकत.

धाकटा : अक्का, फ्रिजची कडी तोडतोय मी. हात काढ.

अक्का : नाही काढत. काय करशील? मला मारशील? मार! ... आई गं! आई!

धाकटा : काढ म्हटलं होतं ना! कडीवर मारत होतो मी, कडीवर! का घातलास मधे?

अक्का : मोडला. कोपराखाली मोडला.

धाकटा : मला दाखवू नको.

अक्का : बघ ना. बघ कसा लोंबतोय. इथं तुझं वेल्डिंग चालायचं नाही.

धाकटा : गप. कडी तुटली. ही ना ती? काळी?

अक्का : तीच. सुया वरच्या खणात आहेत. जा, टोच तिला. पण त्याआधी टेबलावरचं ते लोहचुंबक उचल आणि बाटलीला लाव.

धाकटा : कशाला?

अक्का : आयुष्य लोखंडात काढलंस ना? मग माझ्यावर नको, लोखंडावर विश्वास ठेव.

धाकटा : लावलं. अगं, धावतंय की! सगळं काळं काचेला येऊन चिकटलं, मागे नितळ पाणी. खोटारडी! चालतंय हे!

अक्का : आता चुंबक लांब ठेव आणि बाटली हलव. जोरात.

धाकटा : हलवतोय.

अक्का : काय दिसतंय?

धाकटा : थांब, उजेडात धरतो.

अक्का : बोल की.

धाकटा : गुठळ्या.

अक्का : केवढ्या?

धाकटा : मोहरीएवढ्या. आणखी हलवतो, सुटतील.

अक्का : नाही सुटत. एकदा चिकटले की ते एकमेकांना सोडत नाहीत. फुप्फुसातल्या शिरा केसाहून बारीक असतात. तिथं या गुठळ्या अडकल्या की माणूस कोरड्यात बुडून मरतो. तू तिचा हात धरून बसला असतास, आणि ती तुझ्याकडे बघत...

धाकटा : गप्प बस!

अक्का : ... तोंड उघडून, मासोळीसारखी...

धाकटा : गप्प! आग लागो तुझ्या बाटल्यांना! कशाला बनवता मग? कशाला आस लावता माणसाला?

अक्का : फोड, ती फोड! पण फ्रिजची मधली फळी सोड! अरे, तिथं नको! त्या नव्या आहेत, त्या चिकटत नाहीत! थांब रे, थांब!

धाकटा : काय म्हणालीस?

अक्का : आता काय! एक धड ठेवली नाहीस.

धाकटा : चिकटत नाहीत?

अक्का : कवच बदललं होतं. पिठाऐवजी प्रथिनाचं. अमोनियानं डोळे सुजले आमचे, कितीदा मिश्रण बिघडलं, पुन्हा लावलं. गेल्या आठवड्यात जमलं. सर पोरासारखे टाळ्या पिटत होते.

धाकटा : मग मला आधी का नाही...

अक्का : तू विचारायला आला होतास का?

चिमणी : (दाराबाहेरून) दार उघडा. टेबल काढ रे. मला ढकलवत नाही.

धाकटा : चिमणे! तू कशी आलीस खाली? सलाईन कुठंय?

चिमणी : उपटून आले. फोडाफोड वॉर्डात ऐकू येते, आणि तुझा आवाज मी ओळखत नाही का? काढ ते टेबल. ... अगं बाई. वन्सं! तुमचा हात... आणि हे सर ना?

अक्का : श्वास चालू आहे. कुणाला तरी हाक मार, लवकर.

चिमणी : मारली. येतायत माणसं जिन्यावरून. हे तू केलंस? माझ्यासाठी?

धाकटा : जगायचंय म्हणालीस.

चिमणी : म्हणाले. रडता रडता माणूस काय काय म्हणतो. म्हणून तू माणसं फोडायला निघालास?

धाकटा : दुसरं येतं काय मला? तापवायचं आणि ठोकायचं.

चिमणी : वाक इकडे. आणखी वाक. ... ही वन्संच्या हाताची. आणि ही सरांची.

धाकटा : मार. अजून मार.

चिमणी : संपलं बळ. माझाच तळवा झिणझिणतोय. वन्सं, खरं सांगा, ते जमिनीवर सांडलंय, त्यानं मी वाचले असते?

अक्का : नाही गं. आधी ससे, मग मोठी जनावरं, मग माणसं. तुझ्यापर्यंत नसतं पोचलं.

चिमणी : ऐकलंस? माझं काही नाही फोडलंस तू. पुढच्या कुणाचं तरी फोडलंस. दे तो गज.

धाकटा : कशाला तुला?

चिमणी : तुझ्या हातात दिसला तर ती माणसं तुला जिवंत सोडायची नाहीत. दे, आणि भिंतीकडे तोंड करून बस. ... वन्सं, ते पुन्हा बनवाल ना?

अक्का : या असल्या हातानं?

चिमणी : जुळेल की. तुमचा जुळेल.