तिसऱ्या चिंधीचं नाव

—नाही डसत गं मला या मधमाश्या, कधीच्याच डसायच्या थांबल्यात. तू मात्र तिथे भिंतीपाशीच उभी राहा थर्झा, तुला डसतील, तू ऊन ऊन आहेस अजून. आणि मला बाईसाहेब म्हणू नकोस, केझाया म्हण. तुझ्याच वयाची आहे मी, सोळा. म्हणजे सोळाचीच राहिले. ते सोड. काय विचारलंस— या काळ्या चिंध्या? तुमच्या अनाथालयात माश्या पाळत नव्हते वाटतं. अगं, घरात कुणी गेलं की घराच्या दाराची किल्ली घेऊन इथं यायचं, माश्या राहतात त्या टोपलीवर तिने तीनदा ठोकायचं, गेलेल्याचं नाव सांगायचं आणि काळी चिंधी बांधायची. पाद्र्याला नंतर, माश्यांना आधी. नाही सांगितलं तर रुसतात, उडून जातात. चिंधी सोडत नाहीत, कुजून गळेपर्यंत राहू देतात. ही आईची—

किती म्हणालीस? तीन? नीट मोज. मला हल्ली धूसर दिसतं, दुधाच्या सायीतून बघावं तसं. हं. तीनच असतील. बाबांनी तुला सांगितलं असेल, या घरात एकच मरण झालं, आमच्या आईचं. बाबा डॉक्टर आहेत, त्यांना मरणं मोजायला आवडत नाही. तर ही आईची, आणि ही— ही माझी. हसू नकोस. बरं, हस, मला काही वाटत नाही. मागच्या हिवाळ्यात मला ताप आला आणि मी गेले. आईनेच येऊन सांगितलं यांना, "आमची केझाया गेली गं बायांनो." आणि बाबांनी मला पुरू दिलं नाही. वरच्या खोलीत नऊ दिवस दार लावून बसले. दहाव्या दिवशी मी जिना उतरून खाली आले, आई चुलीपाशी ओटचं पीठ ढवळत होती, तिने मला पाहिलं आणि पळी हातात धरूनच खाली बसली. पुन्हा उठली नाही. मला तेव्हा रडायला हवं होतं ना? मी पातेलं उतरवून ठेवलं. लागलं असतं खाली.

बाबा म्हणाले, "आईची चिंधी बांध आणि तुझी सोड, माश्यांना सांग तू परत आलीस." मी सांगितलं. तेव्हा चार टोपल्या होत्या. पहिलीवर ठोकलं, म्हटलं, "मी आले परत." ती अख्खी टोपली उठली आणि माळावर निघून गेली, एक माशी मागे राहिली नाही. म्हणून माझी चिंधी मी पुन्हा बांधली. बाबांना काय कळतंय! माश्यांशी खोटं बोलून चालत नाही.

तिसरी? तिसरी हॅनाची. तुझ्या आधी कामाला होती ती. हो हो, गावी गेली म्हणून सांगितलंय ना तुला. मोठी तोंडाळ होती हॅना. म्हणायची, "तुमच्या घरात किटलीसुद्धा कुजबुजत उकळते, केझी!" मला केझी म्हणणारी ती एकटीच. तिचे हात बघायला हवे होतेस तू, गुबगुबीत, चामखीळ होती एक, इस्त्रीचा चटका— हो. असाच. इथेच, अंगठ्याखाली.

बाही ओढली तर शिवण दिसते, ओढू नकोस. माझा डावा हात काळा पडत चालला होता. बाबांनी हॅनाला ठेवून घेतली तेव्हा खिडकीपाशी उभं करून हात दाखव म्हणाले होते, उलटे, पालथे. मला वाटलं स्वच्छता बघतात. आता हा हात पाव मळतो, जन्मात मी पीठ मळलं नव्हतं. सकाळी उठते तर हा आधीच चादर घडी करत असतो. वाईट वाटतं का म्हणशील तर— वाटायला हवं एवढं कळतं मला. ती माझी मैत्रीण होती. निदान माश्यांना तरी तिचं नाव कळावं, म्हणून बाबा बाहेर गेल्यावर चिंधी बांधली.

तुला काय करायला लावलं गं त्यांनी, ठेवून घेताना? खिडकीपाशी? सुई ओवायला. एका दमात ओवलीस? मग लांबच्या भिंतीवरची बारीक अक्षरं वाचून घेतली असतील. शाबासकी दिली असेल.

अगं, रडू नकोस, डोळे लाल होतात. ऐक. मी साधूसंत नाही. मला बघायचंय. माळावर जांभळी फुलं आलीत म्हणे, मला नुसती राख दिसते. काल तू आलीस, खालून हसण्याचा आवाज आला, आणि मी खोलीत बसून ही चौथी चिंधी कापली. बघ, शिवून ठेवलीये, कडा दुमडून. तुझ्या नावाची. हे तुला सांगायचं नव्हतं. पण तू आज पहाटे माझ्या चहात न विचारता मध घातलास, आणि म्हणालीस, "केवढी गारठलीयस गं!" हॅनाच म्हणायची तसं. चव लागली नाही मला. तरी सगळा प्यायले.

धर. फाटकाची आणि दाराची किल्ली एकच आहे. या घरात किल्ली माझ्याजवळ असते ती फक्त माश्यांमुळे, तेवढा एक रिवाज बाबांनी आईच्या भिडेने मोडला नाही. ओढ्याच्या कडेकडेने जा, वाटेवर नको, वाटेने बाबांची गाडी येते. चाकं वाजतायत का बघ. माझ्या कानाचा भरवसा नाही. वाजतायत? मग पळ.

मला कसली किल्ली लागायची? हाताने ठोकेन. हॅनाच्या. चिंधीही वाया जाणार नाही, मी आत्ताच बांधून टाकते. यांना सांगते, या घरचे डॉक्टर आज गेले. हो, अजून वळणावर आहेत, ठाऊक आहे मला. पण म्हटलं ना, माश्यांशी मी खोटं बोलत नाही.

जा आता. मागे बघू नकोस— बघायचं तर बघ. डोळे तुझे आहेत.