रशीदभाईंचा भाव

चाळिशीचा गडी कबड्डीच्या संघात घ्यायचा की नाही, यावर मघापासून भांडताय म्हणून सांगतो.

यात्रेच्या सामन्यांसाठी आमच्या लोणीच्या संघाला बाहेरचा एक खेळाडू हवा होता. मी जुन्नरच्या रशीदभाईंचं नाव सुचवलं. ते पत्र्याच्या पेट्या बनवायचे आणि पकडीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण वय चाळीस. पैसे होते गणपतमामांकडे, आणि मामांचा जन्म बैलांच्या सौद्यांत गेलेला. त्यांनी रशीदभाईंना त्यांच्याच पेट्यांच्या दुकानासमोर चार पावलं चालायलाच लावलं.

"उजवा पाय वढतोय, राव. जनावर उतरलंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रशीदभाई मात्र हसत होते.

मग मामांनी सवयीनं हातावर टॉवेल टाकला आणि त्याखाली रशीदभाईंची दोन बोटं दाबली. बैलाचा भाव असाच ठरतो, तोंडानं बोलायचं नाही. दोन बोटं म्हणजे दोनशे.

रशीदभाईंनी टॉवेलखालीच मामांचं मनगट धरलं.

"सोडवा, मामा. सुटलं तर फुकट खेळतो."

मामांनी ओढून पाहिलं, हिसडे दिले, शेवटी पाय भिंतीला लावला. टॉवेल खाली पडला, पण मनगट काही सुटेना.

"पाचशे!" मामा ओरडले. "पाचशे दिलं! सोड की आता!"

हात सुटल्यावर मनगट चोळत मामा माझ्यावरच डाफरले, "पायाचं काय घिऊन बसलास, येड्या? नुसतं औंदाचं नको, तीन वर्सांचं ठरवून टाक!"